अत्याचारग्रस्तांसाठी गावपातळीवरचा मदतनिधी: बेळगाव सीमाभागातील नवख्या कार्यकर्त्यांसाठी

खानापूर तालुक्यातील एखाद्या वाडीवर, निपाणीजवळच्या एखाद्या गावात किंवा बेळगावच्या एखाद्या गल्लीत अत्याचाराची गंभीर घटना उघडकीस आली की चार चांगली माणसे लगेच एकत्र येतात आणि बहुतेक वेळा पहिली सूचना येते ती वर्गणीची. कोणीतरी मोबाईलवर मजकूर लिहितो, त्यात मुलीचे वय, गाव, वडिलांचा व्यवसाय आणि नातेवाइकाचा खाते क्रमांक असतो, आणि संध्याकाळपर्यंत तो मजकूर कारवारपासून कोल्हापूरपर्यंत फिरून आलेला असतो. पैसे थोडेफार जमतात. मात्र त्या मुलीला पुढची दहा वर्षे ज्या गावात राहायचे आहे, तिथे तिची ओळख त्या एका मजकुरापुरती उरते. म्हणून या लेखातील मुख्य सूचना सुरुवातीलाच सांगतो: निधी घटना घडण्यापूर्वी उभा करावा आणि तो कोणा एकीच्या नावाने कधीही मागू नये. पुढच्या साऱ्या पायऱ्या या दोन अटींवर आधारलेल्या आहेत.

लेखात सोयीसाठी बहुतेक ठिकाणी 'ती' असे लिहिले असले, तरी लैंगिक अत्याचार मुलग्यांवरही होतात आणि बालकांच्या संरक्षणाचा २०१२ चा पॉक्सो कायदा मुलगा व मुलगी असा भेद करत नाही, हे ध्यानात ठेवावे.

पहिली पायरी: कोणाचीही घटना समोर नसताना निधी सुरू करा

आपल्या भागात गणेशोत्सव मंडळे, तालमी, महिला मंडळे, स्त्रीशक्ती संघ आणि भिशी यांची सवय जुनी आहे. दरमहा ठरलेली रक्कम ठरलेल्या दिवशी देणे लोकांना नवीन नाही. शंभर घरांनी महिन्याला पन्नास रुपये दिले तर महिन्याचे ५,००० आणि वर्षाचे ६०,००० रुपये होतात, आणि एका कुटुंबाचे पहिले दोन-तीन अडचणीचे महिने निभावून नेण्यास एवढी रक्कम पुष्कळ वेळा पुरते. घटना घडल्यावर भावनेच्या भरात जमणारा पैसा महिन्याभरात आटतो. हा पैसा आटत नाही, आणि तो देणाऱ्याला कोणाची कहाणी ऐकवावी लागत नाही.

खाते कोणाच्याही वैयक्तिक नावावर उघडू नये. आधीच नोंदणी झालेले विश्वासू महिला मंडळ किंवा संस्था असेल तर तिच्या नावाने वेगळे खाते उघडावे. तशी संस्था नसेल तर कर्नाटक संस्था नोंदणी अधिनियम, १९६० खाली किमान सात सभासदांची संस्था नोंदवता येते. तीन सह्यांपैकी कोणत्याही दोन सह्यांवर पैसे काढता येतील अशी व्यवस्था करावी आणि त्या तिघांत किमान दोन स्त्रिया असाव्यात. तिन्ही सह्या एकाच घराण्यातील, एकाच पक्षातील किंवा एकाच पंचमंडळातील माणसांच्या नसाव्यात, कारण उद्या आरोपी त्यांच्यापैकीच एखाद्याचा पुतण्या निघू शकतो. हे लिहिताना मला अतिशयोक्ती केल्यासारखे वाटत नाही.

संस्थेच्या नावाने खाते असण्याचे आणखी एक कारण आहे. मोबाईलवरून पैसे पाठवताना देणाऱ्याच्या पडद्यावर खातेदाराचे नाव दिसते, त्यामुळे पीडितेच्या किंवा तिच्या आईच्या नावाचा पैसे पाठवण्याचा चौकोनी (क्यूआर) कोड फिरवणे म्हणजे तिचे नाव छापून वाटण्यासारखेच आहे. शिवाय नातेवाईक नसलेल्या लोकांकडून एका आर्थिक वर्षात एकूण ५०,००० रुपयांहून अधिक रक्कम एखाद्या व्यक्तीला भेट म्हणून मिळाली, तर ती सारी रक्कम प्राप्तिकराच्या दृष्टीने तिचे उत्पन्न धरली जाते. तिच्यावर प्रत्यक्ष कर बसेलच असे नाही, पण शिधापत्रिकेपासून शिष्यवृत्तीपर्यंत उत्पन्नाचा आकडा विचारला जातो, आणि नको तो प्रश्न तिच्या दाराशी आणण्याचे कारण नाही.

दुसरी पायरी: जे तिच्या हक्काचे आहे त्यावर निधी खर्च करू नका

नवख्या गटाची सर्वात मोठी चूक इथे होते. कायद्याने विनामूल्य मिळणाऱ्या गोष्टींवर गोळा केलेले पैसे संपतात, आणि ज्यासाठी कोणतीही योजना नाही त्या खर्चाच्या वेळी खाते रिकामे असते.

बलात्कार, आम्लहल्ला आणि पॉक्सोखालील गंभीर गुन्ह्यांतील पीडितांवर प्रथमोपचार व उपचार ताबडतोब आणि विनामूल्य करणे हे सरकारी तसेच खाजगी अशा प्रत्येक रुग्णालयावर बंधनकारक आहे; भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३९७ तसे सांगते आणि ते न पाळणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. आधी पैसे भरा असे खिडकीवर सांगितले गेले, तर पाकीट काढण्यापूर्वी हे कलम दाखवावे. गर्भधारणा राहिली असेल तर लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताची कायदेशीर तरतूद आहे. त्यानंतर वैद्यकीय मंडळाचा किंवा उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाचा मार्ग धरावा लागू शकतो, म्हणून इथे एकेक दिवस महत्त्वाचा असतो.

वकिलाचेही तसेच आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रिया आणि बालके यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याच्या न्यायालयातील तालुका समिती यांच्याकडे साधा अर्ज पुरतो. दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे. तात्पुरता निवारा, समुपदेशन आणि पोलिसांशी संपर्क यासाठी केंद्र सरकारच्या योजनेतील 'सखी' केंद्र आहे, आणि राज्याच्या योजनेतून स्वयंसेवी संस्था चालवत असलेली सांत्वन केंद्रेही आहेत. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, तातडीसाठी ११२ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ हे क्रमांक गटातील प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असावेत. घरगुती हिंसाचार असेल तर २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येते आणि न्यायदंडाधिकारी त्याच घरात राहण्याचा हक्क, खर्चाची रक्कम व मुलांचा ताबा याबद्दल आदेश देऊ शकतात.

आता भरपाईबद्दल थोडे सविस्तर, कारण याविषयी आपल्याकडे फार गैरसमज आहेत. भरपाईसाठी आरोपीला शिक्षा होण्याची वाट पाहावी लागत नाही. गुन्हा नोंद झाल्यावर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो आणि तातडीची अंतरिम रक्कमही मागता येते; पॉक्सोच्या प्रकरणात विशेष न्यायालय स्वतःहूनही अंतरिम भरपाईचा आदेश देऊ शकते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१८ च्या योजनेत बलात्कारासाठी किमान ४ लाख व कमाल ७ लाख रुपये, तर आम्लहल्ल्यात चेहरा विद्रूप झाल्यास ७ ते ८ लाख रुपये अशी मर्यादा आहे. मात्र त्याच योजनेनुसार सज्ञान व्यक्तीच्या बाबतीत साधारणपणे ७५ टक्के रक्कम किमान तीन वर्षांसाठी मुदत ठेवीत ठेवली जाते आणि अज्ञान मुलांच्या बाबतीत ८० टक्के. म्हणजे मंजूर झालेल्या चार लाखांतील एक लाखाच्या आसपासच हातात येतो, आणि तोही अर्ज, चौकशी व मंजुरी यांतून जाऊन. गावचा निधी या मधल्या काळासाठी आहे, आणि त्याचा आकारही त्या मानानेच ठरवावा.

सीमाभागात एक जास्तीचा पेच असतो. पीडिता खानापूरची, घटना चंदगडमध्ये आणि आरोपी गोव्यात, असे प्रकार इथे अशक्य नाहीत. हद्दीचे कारण सांगून पोलीस ठाण्याने परत पाठवले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द न पाहता माहिती नोंदवून घेणे बंधनकारक असल्याचे, ज्याला सर्वजण झिरो एफआयआर म्हणतात, शांतपणे सांगावे आणि प्रत विनामूल्य मागून घ्यावी. घटना महाराष्ट्रात घडली असल्यास तिथल्या सरकारची 'मनोधैर्य' ही पीडितांना अर्थसाहाय्य देणारी योजना विचारात घ्यावी लागते. कोणत्या राज्याकडे अर्ज करायचा हे विधी सेवेच्या वकिलाकडून पहिल्याच आठवड्यात ठरवून घ्यावे, कारण दोन्ही कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवू लागली की महिने जातात.

तिसरी पायरी: तिला विचारा, पण घटना विचारू नका

पहिल्या भेटीला दोनच माणसांनी जावे, त्यांपैकी एक स्त्री असावी आणि त्या स्त्रीला पीडितेची भाषा यावी. 'नेमके काय झाले?' हा प्रश्न गटातील कोणीही विचारू नये. पोलीस, डॉक्टर आणि न्यायदंडाधिकारी यांच्यासमोर तिला ते सांगावेच लागणार आहे. आपल्यासमोर पुन्हा सांगायला लावण्याने तिला त्रास होतो आणि खटल्यालाही धोका पोहोचतो, कारण आपण ऐकून दुसरीकडे सांगितलेला किंवा लिहिलेला तपशील मूळ जबाबाशी जुळला नाही तर उलटतपासणीत तोच पुढे केला जातो. विचारायचे ते एवढेच: आज रात्री झोपण्याची जागा सुरक्षित आहे का, घरात स्वयंपाकाचे सामान आहे का, उद्या कोणाला बरोबर घ्यायला आवडेल, आणि आम्ही पुन्हा आलेले चालेल का. या शेवटच्या प्रश्नाला 'नको' असे उत्तर आले तर एक क्रमांक लिहून देऊन निघावे.

पीडित अठरा वर्षांखालील असेल आणि पोलिसांना अद्याप कळवलेले नसेल, तर कळवायचे की नाही हा प्रश्न गटाच्या मर्जीवर राहत नाही. पॉक्सोच्या कलम १९ नुसार माहिती असलेल्या प्रत्येकाने कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे. बालकल्याण समितीकडून मुलाला तपास व खटल्याच्या काळात सहाय्यक व्यक्ती मिळू शकते, आणि २०२० च्या नियमांनुसार अन्न, कपडे व प्रवास यांसाठी तातडीची रक्कमही देण्याची शिफारस ही समिती करू शकते. तीही मागावी.

भेटींच्या गर्दीबद्दल एक उदाहरण आपल्याच तालुक्यातील आहे. डिसेंबर २०२३ मध्ये बेळगाव तालुक्यातील एका गावात मुलाने मुलीला पळवून नेल्याच्या रागातून त्याच्या आईला विवस्त्र करून खांबाला बांधण्यात आले. कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली आणि पुढे रुग्णालयात तिला भेटायला येणाऱ्या पक्षांच्या व संघटनांच्या लोकांवर निर्बंध घातले. तिथे गेलेल्यांतील बरेच जण सहानुभूतीनेच गेले असतील. तरीही न्यायालयाला दार लावून घ्यावे लागले. गावाचे नाव मी इथे मुद्दाम लिहिलेले नाही.

चौथी पायरी: आवाहनाचा मजकूर

बलात्कार व तत्सम गुन्ह्यांतील पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. बालकांच्या बाबतीत पॉक्सो आणि बाल न्याय कायदा यांचीही बंधने आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१८ च्या निपुण सक्सेना प्रकरणातील निकालात स्पष्ट केले की ओळख म्हणजे केवळ नाव नव्हे. ज्या तपशिलावरून ती ओळखता येईल असा कोणताही तपशील त्यात येतो आणि पीडिता मरण पावली असली तरी हे बंधन सुटत नाही. मोबाईलवरचा गट म्हणजे खाजगी बैठक आहे, असे समजून चालू नये.

चारशे उंबऱ्यांच्या गावात 'नववीतील विद्यार्थिनी, वडील गवंडी' एवढ्यावरून मुलगी ओळखता येते. म्हणून आवाहनात गाव, शाळा, वय, जात, आजार, घटनेची तारीख, आरोपीचे नाते आणि छायाचित्र यांपैकी काहीही नसावे. पाठमोरे छायाचित्र किंवा डोळ्यांवर काळी पट्टी यानेही काम भागत नाही. चालेल असा मजकूर साधारण असा: 'अत्याचारातून सावरणाऱ्या स्त्रिया व मुले यांच्या प्रवास, औषधे, घरभाडे आणि शिक्षणासाठी आमच्या संस्थेचा कायमस्वरूपी निधी आहे. लाभार्थींची माहिती कोणालाही दिली जात नाही. एकूण जमा व खर्चाचा तक्ता दर तीन महिन्यांनी मंडळाच्या फलकावर लावला जातो.' हा मजकूर रुक्ष आहे आणि तो तसाच ठेवावा. आवाहन अधिक हृदयस्पर्शी करावे असे सुचवणारा सभासद प्रत्येक गटात असतो. त्याच्याकडे पावती पुस्तके छापून आणण्याचे काम सोपवावे.

सज्ञान स्त्रीला स्वतःच्या नावाने बोलायचे असेल तर तो तिचा हक्क आहे आणि त्यासाठी तिची लेखी संमती लागते. परंतु मदत मिळण्याच्या बदल्यात किंवा रुग्णालयाच्या खाटेवर घेतलेल्या सहीला संमती म्हणू नये.

पाचवी पायरी: कोणाकडून मागावे आणि कोणाकडून घेऊ नये

गल्लीतील घरे, व्यापारी, पतसंस्था, निवृत्त शिक्षक आणि सैन्यातून परतलेली मंडळी हा पहिला आधार. गणेशोत्सवात मंडळाने देखाव्याच्या खर्चातील ठरावीक हिस्सा निधीला द्यावा, असे उत्सवाच्या दोन महिने आधीच्या बैठकीत ठरवून घ्यावे. आरतीनंतर ध्वनिक्षेपकावरून एखाद्या प्रकरणासाठी आवाहन करण्याची पद्धत मात्र पूर्ण टाळावी. आखाती देशांत किंवा युरोपात गेलेल्या गावकऱ्यांबाबत नियम नीट समजून घ्यावा: भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय देणगी धरली जात नाही, परंतु ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे त्याची देणगी संस्थेला परकीय देणगी नियमन कायद्याच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही, मग तो आपल्या शेजारच्या घरात वाढलेला का असेना. करसवलतीसाठी विचारणाऱ्या देणगीदाराला संस्थेकडे ८०जीची मान्यता आहे की नाही हे खरे सांगावे, आणि रोखीने दिलेल्या २,००० रुपयांवरील रकमेवर ती सवलत मिळत नाही हेही सांगावे.

आता घेऊ नये अशा पैशाबद्दल. आरोपीच्या नातेवाइकाकडून, त्याच्या मालकाकडून किंवा 'दोन्ही बाजूंचे भले व्हावे' असे म्हणत आलेल्या पंचांकडून निधीला रक्कम देऊ केली जाते, आणि ती बहुधा त्या महिन्यातील सर्वात मोठी देणगी असते. ती परत करावी व परत केल्याची नोंद बैठकीच्या वहीत करावी. गावात प्रकरण 'मिटवून घेणे' ही जुनी रीत असली, तरी बलात्कार किंवा पॉक्सोचा गुन्हा पंचांनी मिटवण्याजोगा नसतो आणि असा पैसा स्वीकारलेला निधी पुढे साऱ्या खटल्यावर संशय आणतो. त्याच कारणाने निधीतून कोणत्याही साक्षीदाराला, अगदी त्याच्या चहापाण्यापुरतीही, रक्कम देऊ नये. साक्षीसाठी येणाऱ्याचा भत्ता न्यायालयाकडून मागता येतो.

निवडणुकीच्या तोंडावर फलकासह येणारा धनादेशही नाकारावा. मराठी-कन्नड वादाचा रंगही प्रकरणाला चढू देऊ नये. सीमाप्रश्नावर गटातील प्रत्येकाचे मत ठाम असू शकते, आणि अर्ज मराठीत स्वीकारला नाही तर राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० चा आधार घेऊन तो आग्रहाने देताही येतो. पण तिच्या जबाबाच्या दिवशी ठाण्यात भाषेवरून झालेल्या वादाची किंमत तीच मोजते. अर्ज कन्नडमध्ये लिहवून घ्यावा, सोबत मराठी प्रत जोडावी, आणि सही करण्यापूर्वी कन्नड जबाब तिला मराठीत वाचून दाखवण्यास सांगावे. विश्वासू भाषांतरकार हा या निधीतील कदाचित सर्वात उपयुक्त खर्च आहे.

सहावी पायरी: खर्च आणि हिशेब

प्रत्यक्षात पैसा कशावर लागतो हे आधी माहीत असलेले बरे. कपडे आणि मोबाईल पुरावा म्हणून जप्त होतात, तेव्हा दुसऱ्याच दिवशी साधा फोन व दोन जोड लागतात. कर्नाटकचे ओळखपत्र असलेल्या स्त्रीला 'शक्ती' योजनेमुळे जून २०२३ पासून राज्याच्या साध्या बसने बेळगाव किंवा धारवाडला विनामूल्य जाता येते, पण सोबतच्या वडिलांचे तिकीट, रात्रीची रिक्षा, जेवण आणि दोघांची बुडालेली मजुरी यांसाठी कोणतीही योजना नाही. घर सोडावे लागले तर भाड्याची अनामत लागते. शाळा बदलली तर गणवेश व वह्या.

रक्कम देण्यापूर्वी तिचे स्वतःचे खाते आहे का, एटीएम कार्ड कोणाकडे असते आणि बँकेचा संदेश कोणाच्या मोबाईलवर जातो, हे तिन्ही प्रश्न विचारावेत. मारहाण करणाऱ्या नवऱ्याच्या मोबाईलवर तो संदेश पोहोचला तर त्या पैशानेच तिचा घात होतो. अशा वेळी औषधदुकानाचे किंवा घरमालकाचे बिल थेट चुकवावे, अथवा पाकीट हातात देऊन पावतीवर सही घ्यावी. मोबाईलवरून पाठवताना शेऱ्याच्या जागी 'केस', 'पॉक्सो' असले शब्द लिहू नयेत.

हिशेबाच्या दोन वह्या ठेवाव्यात. सर्वांना दिसणाऱ्या वहीत 'क्रमांक ३, प्रवास व जेवण, ६४० रुपये' एवढेच लिहावे. क्रमांक ३ म्हणजे कोण, हे सांगणारी एक पानी यादी कागदावरच, कुलपात, दोन व्यक्तींच्या ताब्यात असावी. मूळ बिले वर्षातून एकदा सनदी लेखापालाला दाखवावीत. 'आमचे पैसे नेमके कोणाला गेले?' असे देणगीदार हमखास विचारतो. त्याला वही दाखवावी, यादी दाखवू नये, आणि तो रागावला तर त्याची रक्कम परत करण्याची तयारी ठेवावी. घेतलेल्या पैशाचे तिने काय केले याची झडती गटाने घेऊ नये. तिने मुलासाठी खेळणे घेतले असेल तर तेही घरखर्चात धरावे.

सातवी पायरी: पुढची वर्षे

पहिल्या महिन्यात दारात पंधरा माणसे असतात आणि तिसऱ्या वर्षी साक्षीच्या तारखेला बहुधा कोणी नसते. म्हणून वर्षाच्या जमेतील किमान निम्मी रक्कम न्यायालयीन तारखांसाठी राखून ठेवावी आणि प्रत्येक प्रकरणासाठी एकच सोबतीण नेमावी. तपास कोठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडितेला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ती तारीख सोबतिणीच्या वहीत असावी.

ज्यांनी हे सोसले आहे त्यांच्याच हाती काम गेले तर ते अधिक काळ टिकते, याचे आपल्या जिल्ह्यातील उदाहरण घटप्रभा येथील 'मास' ही संघटना आहे, जी देवदासी प्रथेतून बाहेर पडलेल्या स्त्रिया स्वतः चालवतात. आपल्या गटातही काही वर्षांनी एखादी पूर्वीची लाभार्थी सभासद म्हणून येऊ इच्छिते. तिला घ्यावे, मात्र ती लाभार्थी होती हे बैठकीत सांगण्याचा अधिकार फक्त तिचा आहे.

भरपाईची रक्कम मंजूर झाली म्हणून निधीने दिलेले पैसे परत मागू नयेत, कारण ते कर्ज नव्हते. आणि तिने एके दिवशी 'आता येऊ नका' असे कळवले, तर त्याच आठवड्यात तिचे खातेपान बंद करावे, कुलपातील यादीतून तिचे नाव खोडावे आणि बाजारात भेट झाली तर तिने ओळख दाखवल्याशिवाय आपण दाखवू नये.